देव्हाऱ्याच्या खांबांवरचा पीळ एकसारखा का येत नाही?

वसमतच्या एका तरुण सुतारांनी प्रश्न विचारला आहे. त्यांनी सागाचा देव्हारा करायला घेतला असून त्याचे चार खांब दीड इंच जाडीचे आहेत आणि प्रत्येक खांबाच्या मधल्या नऊ इंचांत त्यांना दुपेडी पीळ हवा आहे. खांब त्यांनी लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) नीट गोल करून घेतले, सुतळी गुंडाळून तिच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढली आणि गोल पटाशीने कोरायला सुरुवात केली. पहिला खांब पुरा झाला तेव्हा पीळ कुठे जाड तर कुठे बारीक दिसू लागला आणि खाचेची एक बाजू साफ निघाली, पण दुसरीचे लाकूड उचकटून आले. दुसरा खांब पहिल्याच्या शेजारी उभा केला तर दोघांची जोडीच जमेना. ‘माझा हात बसलेला नाही की हत्यार कमी पडते आहे? राउटर (खाच पाडणारे विजेचे हातयंत्र) घ्यावा की हे काम सरळ सीएनसीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरकामाच्या यंत्रावर, द्यावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

तुम्ही खांबाचे जे फोटो दिले आहेत, त्यावरून तुमचा हात वाईट आहे असे मला मुळीच वाटत नाही. वरच्या आणि खालच्या गोलव्या, म्हणजे पिळाच्या दोन्ही टोकांचे गोल कंगोरे, ज्या सफाईने कातल्या आहेत, त्या कच्च्या हाताच्या नाहीत. तुमच्या तीन तक्रारींची कारणे तीन वेगवेगळी आहेत. पीळ जाड-बारीक झाला, कारण आखणी चुकली. एक बाजू उचकटली, कारण दोन्ही बाजू एकाच दिशेने कोरल्या गेल्या. जोडी जमली नाही, कारण दोन्ही खांबांचे पीळ एकाच अंगाला वळले आहेत. यांपैकी एकही दोष महागड्या यंत्राने आपोआप जाणार नाही, कारण यंत्रालाही आखणी आणि दिशा कोणीतरी सांगावीच लागते.

मी लातूर जिल्ह्यात गेली सव्वीस वर्षे कातकाम करतो. आजोबा पाळण्याचे खूर, लाटणी आणि रवीचे दांडे कातत असत. पिळाचे काम आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाले आणि त्यामुळे त्यातल्या बहुतेक चुका मला स्वतःच कराव्या लागल्या. म्हणून खाली जे लिहितो आहे ते माझ्या पद्धतीचे आहे. दुसऱ्या कारागिराची पद्धत वेगळी असू शकेल आणि तिनेही चांगला पीळ निघू शकेल.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करतो, कारण आपल्याकडचे गिऱ्हाईकच नव्हे तर कित्येक सुतारही पीळ ‘लेथवर निघतो’ असे धरून चालतात. लाकूड कातायच्या साध्या लेथवर पीळ कातता येत नाही. लोखंड कातायच्या लेथवर आटे पाडताना फिरणारा दांडा आणि सरकणारे हत्यार दातेरी चक्रांनी एकमेकांशी बांधलेले असतात, म्हणून दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला हत्यार ठरावीक अंतर पुढे जाते. लाकडी लेथमध्ये अशी सांगड नसते. तुमचा पीळ तीन इंचांत एक वेढा घेतो असे धरले आणि लेथ मिनिटाला ६०० फेरे घेत आहे असे मानले, तर सेकंदाला दहा फेरे होतात, म्हणजे हत्याराला सेकंदाला तीस इंच धावावे लागेल. तुमचा नऊ इंचांचा पट्टा एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच संपेल. हे माणसाच्या हाताचे काम नव्हे. युरोपात सतराव्या शतकात पिळाच्या पायांच्या खुर्च्या आणि टेबले लोकप्रिय झाली, गोव्याच्या जुन्या फर्निचरमध्येही असे पाय दिसतात, पण त्या काळीही खांब लेथवर गोल करून घेत आणि पीळ मात्र करवत, पटाशी आणि कानस यांनी हाताने कोरत. लेथ त्या वेळी फक्त लाकूड धरून ठेवायला आणि हवे तेवढे फिरवायला उपयोगी पडते. त्यामुळे पीळ हे कातकाम कमी आणि आखणी व कोरकाम जास्त आहे. तुमच्या कामाचा निम्मा वेळ पेन्सिलीत गेला पाहिजे.

आता आखणीकडे येऊ. खाच आणि उंचवटा हे शब्द वापरण्याऐवजी मी शेतातलेच शब्द वापरतो, कारण आमच्या कारखान्यात मुलांना तेच चटकन कळतात: खोल भाग म्हणजे सरी आणि वर राहिलेला भाग म्हणजे वरंबा. पिळाचा एक वेढा पूर्ण व्हायला खांबाच्या लांबीत जेवढे अंतर लागते, ते अंतर आधी ठरवायचे असते. तुम्ही ते ठरवलेच नाही. सुतळीने ते तिच्या मनाने ठरवले. सुतळी गुंडाळताना एका वेढ्याला हात थोडा सैल पडतो, दुसऱ्याला ताणला जातो, आणि तिथेच जाड-बारीकपणा जन्माला येतो. मागाहून तुम्ही कितीही काळजीने कोरले तरी चुकीची रेघच तुम्ही अचूक कोरत असता.

माझा ठोकताळा असा आहे: एकपेडी पिळासाठी एका वेढ्याचे अंतर साधारण खांबाच्या जाडीएवढे ठेवायचे आणि दुपेडीसाठी जाडीच्या दुप्पट. याहून कमी ठेवले तर पीळ स्क्रूच्या आट्यांसारखा दिसतो आणि फार जास्त ठेवले तर तो झोपलेला, आळसावलेला दिसतो. हा काही नियम नव्हे. नाजूक पाळण्याच्या दांड्यावर मी अंतर थोडे वाढवतो, जाड पलंगाच्या खुरावर थोडे आवळतो. पण पहिल्यांदा करणाऱ्याने या ठोकताळ्यापासून दूर जाऊ नये.

तुमच्या खांबाचाच हिशेब करू. जाडी दीड इंच, पीळ दुपेडी, म्हणजे एका वेढ्याला तीन इंच. नऊ इंचांत बरोबर तीन वेढे बसतात, हे तुमचे नशीब चांगले. बसत नसते तर मी पट्ट्याची लांबी बदलली असती, वेढा तोडला नसता. आता एका वेढ्याचे चार भाग करा, म्हणजे प्रत्येक भाग पाऊण इंचाचा, आपल्या भाषेत सहा सुतांचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा). नऊ इंचांत असे बारा भाग पडतात. खांब लेथवर सावकाश फिरवत पेन्सिल टेकवून दर सहा सुतांवर एक गोल रेघ काढा; दोन्ही टोकांच्या धरून तेरा कड्या होतील.

नंतर उभ्या रेघा. कागदाची पट्टी खांबाभोवती घट्ट गुंडाळा, जिथे ती स्वतःवर येते तिथे बारीक खूण करा आणि पट्टी सोडून घ्या. दीड इंचाच्या खांबाचा घेर पावणेपाच इंचांहून जरासा कमी भरतो, म्हणजे चौथा हिस्सा फुटपट्टीवर नीट मोजता येत नाही. मोजायचेच नाही, पट्टी दोनदा घडी घाला, घड्यांवर खुणा करा, पट्टी परत गुंडाळा आणि चार खुणा खांबावर उतरवा. मग टूलरेस्ट, म्हणजे लेथवरची हत्यार टेकवायची पट्टी, खांबाच्या मध्याच्या उंचीला आणून तिच्यावर पेन्सिल आडवी सरकवत प्रत्येक खुणेतून डावीकडून उजवीकडे सरळ रेघ ओढा. लेथच्या पुलीवर भागांची छिद्रे असतील तर कागदाची गरज नाही, पण तुमच्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या लेथवर ती बहुधा नसावीत.

आता खांबावर चौकटींचे जाळे तयार झाले. पहिल्या उभ्या रेघेला ‘१’, पुढच्यांना ‘२’, ‘३’, ‘४’ असे नंबर घाला. हा कंटाळा करू नका, कारण चुकायचे ते इथेच चुकते. पहिल्या कडीवर १ या रेघेपासून सुरुवात करून दुसऱ्या कडीवर २ या रेघेवर, तिसरीवर ३ वर असे तिरपे जात राहिले की एक पेड तयार होतो. दुसरा पेड पहिल्या कडीवर ३ पासून सुरू करायचा. हे झाले तुमचे दोन वरंबे. दोन्हींच्या बरोबर मधून, म्हणजे २ आणि ४ पासून निघणाऱ्या तिरप्या रेघा म्हणजे दोन सऱ्या. वरंबे लाल पेन्सिलीने आणि सऱ्या काळ्या पेन्सिलीने काढा. एकदा मी दोन्ही काळ्याच काढल्या होत्या आणि जेवून आल्यावर बिनदिक्कत वरंब्यावर करवत चालवली होती.

बिंदू जोडताना लाकडी फुटपट्टी वाकत नाही, म्हणून मास्किंग टेपची पट्टी ताणून लावा. टेपची सरळ कड गोल खांबावर सुरकुती न पडता बसली, की ती आपोआप एकसारख्या चढाच्या पिळातच बसते. टेपला कुठे सुरकुती पडली तर त्याचा अर्थ तुमचा एखादा बिंदू चुकला आहे. माझ्या मते ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक तपासणी आहे.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. ही आखणी सरळ, एकाच जाडीच्या खांबासाठी आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतले सुरूच्या आकाराचे खांब पाहून कोणी निमुळत्या खांबावर पीळ मागितला, तर सारख्या अंतराच्या कड्या चालत नाहीत. जाड भागात पीळ आवळल्यासारखा आणि बारीक भागात सैल पडल्यासारखा दिसतो. तिथे कड्यांमधले अंतरही जाडीबरोबर कमी व्हायला हवे. दुपेडी पिळात एका भागाचे अंतर खांबाच्या निम्म्या जाडीएवढे येते, हे वरच्या हिशेबावरून तुमच्या लक्षात आले असेल: दीड इंचाचे निम्मे सहा सूत. म्हणून निमुळत्या खांबावर मी जिथे आहे तिथली जाडी कॅलिपरने घेतो, कंपास तिच्या निम्म्याला लावतो, पुढची कडी मारतो, तिथली जाडी परत घेतो आणि असा उतरत जातो. शेवटची कडी नेमक्या टोकावर येत नाही. दोन-चारदा थोडे मागेपुढे करून ती बसवावी लागते. टेपही अशा खांबावर नीट बसत नाही, तिथे हातानेच रेघ ओढावी लागते.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे, म्हणजे उचकटलेल्या बाजूकडे वळतो. मला विचाराल तर या कामातली खरी विद्या इथे आहे.

खांब उभा आहे आणि लाकडाचे तंतू वरून खाली गेलेले आहेत असे डोळ्यांसमोर आणा. सरी तिरपी चालली आहे. तिला दोन भिंती आहेत: वरच्या वरंब्यावरून सरीत उतरणारी वरची भिंत, आणि खालच्या वरंब्यावरून सरीत शिरणारी खालची भिंत. लाकूड नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे, म्हणजे वरंब्यावरून सरीच्या तळाकडे कापले तरच तंतू मागच्या तंतूंवर टेकून कापले जातात. म्हणून वरची भिंत खालच्या दिशेने उतरत कापायची आणि खालची भिंत वरच्या दिशेने चढत कापायची. तुम्ही गोल पटाशी सरीच्या मधोमध धरून एकाच दिशेने सरळ ढकलत नेली असणार. तसे केले की एका भिंतीला पटाशी लाकडाच्या रेघेबरोबर, म्हणजे तंतूंच्या कलाने, जाते आणि दुसऱ्या भिंतीला रेघेविरुद्ध, आणि तीच भिंत खपल्या टाकते. पटाशी कितीही धारदार असली तरी हे पूर्ण थांबत नाही.

माझ्या बाकावर हे असे चालते. लेथचा प्लग काढून ठेवतो. नुसते बटण बंद करणे मला पुरेसे वाटत नाही, कारण पिळावर दोन्ही हात आणि चेहराही जवळ असतो. खांब दोन टोकांमध्ये धरलेला राहू देतो. लहान, बारीक दातांच्या करवतीच्या पात्यावर दातांपासून दोन सुतांवर टेप चिकटवतो, म्हणजे करवत तेवढीच खोल जाते. उजव्या हातात करवत सरीच्या काळ्या रेघेवर धरून डाव्या हाताने खांब सावकाश फिरवत नेतो. करवत फार हलवावी लागत नाही, खांबच तिच्याकडे येत राहतो. अशी सरीच्या तळाची खोली आधी ठरून जाते आणि मागाहून पटाशी कुठे थांबवायची हे विचारावे लागत नाही. दोन सुतांची खोली दोन्ही बाजूंनी गेली तरी तुमच्या दीड इंचाच्या खांबाचा एक इंचाचा गाभा शिल्लक राहतो. देव्हाऱ्याच्या छतासाठी तेवढा भरपूर झाला. कानसीने सफाई करताना अर्धे सूत आणखी गेले तरी हरकत नाही, त्याहून जास्त मात्र नको.

नंतर सपाट पटाशीने प्रत्येक भिंतीचा कोन तिरपा काढतो. आधी सगळ्या वरच्या भिंती एका दिशेने, मग खांबाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन, म्हणजे शरीराची बाजूच बदलून, सगळ्या खालच्या भिंती. एकाच भिंतीवर मधेच दिशा बदलायची नाही. या टप्प्यावर सरी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दिसते आणि खांब अगदी ओबडधोबड वाटतो; नवशिके इथे घाबरून पटाशी जोरात दाबतात. घाबरू नका. मग गोल पटाशीने तळ गोलावायचा, आणि वरंब्याच्या दोन्ही कडा थोड्या थोड्या मोडून वरंबाही गोल करायचा. लाल रेघ मात्र शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. वरंब्याचा माथा तीच रेघ सांगते. ती गेली की पीळ डुलू लागतो.

पटाशीनंतर गोल रवाळ कानस, मग बारीक गोल कानस. कानसही वरंब्याकडून सरीकडेच ओढा. यापुढे कापडी पॉलिश पेपरच्या अर्धा-पाऊण इंच रुंदीच्या पट्ट्या फाडून घ्यायच्या आणि बूटपॉलिशवाला जसा फडका दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढतो, तशी पट्टी सरीत ओढायची. ८० नंबरपासून सुरू करून १२०, १८० आणि २४० पर्यंत जातो. देव्हाऱ्याला त्याहून बारीक जाण्याची गरज मला कधी भासली नाही. दोन गोष्टींची काळजी घ्या. पटाशीचे काम पूर्ण संपल्याशिवाय पॉलिश पेपर अजिबात लावू नका, कारण पेपरची रेती लाकडात रुतते आणि पुढे पटाशीची धार खाते. आणि लेथ चालू करून पेपरची पट्टी बोटांना गुंडाळून पिळावर कधीही धरू नका; फिरणारा वरंबा पट्टी ओढून घेतो आणि तिच्याबरोबर बोटही.

पिळाची दोन टोके हा एक स्वतंत्र विषय आहे, पण थोडक्यात सांगतो. सरी गोलवीला जाऊन धडकली की काम तोडल्यासारखे दिसते. शेवटच्या कडीच्या अलीकडे अर्धा भाग असतानाच खोली कमी करत यायचे आणि सरी चमच्याच्या टोकासारखी वर येऊन विरली पाहिजे. गोलव्या आधीच कातलेल्या असतील तर त्यांच्यावर टेपचे दोन वेढे द्या, म्हणजे कानसीचा धक्का लागून त्यांची कड मोडणार नाही.

आता जोडीविषयी. तुमच्या दोन्ही फोटोंत पीळ खालून डावीकडून वर उजवीकडे चढतो आहे. समोरचे दोन खांब देवाच्या दोन बाजूंना उभे राहणार असतील तर ते आरशातल्यासारखे हवेत: एकाचा पीळ उजवीकडे चढणारा आणि दुसऱ्याचा डावीकडे. इथे बहुतेकांचा एक हमखास घोळ होतो. खांब उलटा उभा केला की पीळ दुसऱ्या अंगाला वळेल असे त्यांना वाटते. तो वळत नाही. उजवा पीळ डोक्यावर उभा केला तरी उजवाच राहतो. स्क्रू उलटा धरला म्हणून तो उलट्या आट्यांचा होत नाही, तसेच हे आहे. मी हे पहिल्यांदा शिकलो ते एका झोपाळ्याच्या कामात. चारही दांडे मी एकाच अंगाचे कोरले, लावताना दोन उलटे करू या असे मनाशी म्हणत राहिलो आणि गिऱ्हाइकाच्या ओसरीवर, त्यांच्या म्हाताऱ्या आईंच्या समोर, चारही दांडे फिरवून फिरवून पाहिले. शेवटी त्या माउलीच म्हणाल्या, ‘अरे, दोन वेण्या एकाच हाताने घातल्यासारखं दिसतंय.’ दोन दांडे मी माझ्या खर्चाने नव्याने केले.

उपाय सोपा आहे. उजव्या पिळासाठी कडीगणिक १, २, ३, ४ असे गेलात, तर जोडीच्या खांबावर १, ४, ३, २ असे जायचे. बाकी सगळी आखणी तीच. उभे राहण्याच्या जागेचे नाव, ‘पुढचा डावा’, ‘पुढचा उजवा’ असे, खांबाच्या खालच्या चुलीवर (भोकात बसणाऱ्या कुसावर) आखणीच्या वेळीच लिहून ठेवा. डाव्या पिळात सरीचा तिरपेपणा उलटा होतो, त्यामुळे तुमचे उभे राहणे आणि खांब फिरवायचा हातही बदलेल. पहिला डावा खांब उजव्यापेक्षा दीडपट वेळ घेईल, तो घेऊ द्या. मागच्या दोन खांबांनाही तोच नियम लावावा का, हे तुमच्या देव्हाऱ्याच्या मागे भिंत आहे की तो चारही बाजूंनी दिसणार आहे यावर अवलंबून आहे. रोमच्या सेंट पीटर्समध्ये १६२३ ते १६३४ या काळात बर्निनीने उभारलेल्या छत्रीला पिळाचे चार प्रचंड ब्राँझचे खांब आहेत, पण तिथे खांबाचा अख्खा दांडाच नागमोडी आहे. तुमच्या सरळ दांड्यावरच्या कोरीव पिळाशी त्याची तुलना करू नका, गिऱ्हाइकाने फोटो दाखवला तरी.

लाकडाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता. किनवटच्या बाजूचा असो की बल्लारपूरचा, साग पिळाला चांगला, कारण त्याची रेघ बहुतेक वेळा सरळ असते आणि हवामानाने तो फार फुगत-आकसत नाही. त्याची एकच खोड म्हणजे त्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि ते हत्याराची धार पाहता पाहता घालवतात. सागाच्या एका खांबात मी पटाशीला निदान चार वेळा दगडावर घेतो. तुम्ही दोन खांब एकाच धारेवर केले असतील तर उचकटण्याचे अर्धे कारण तिथेही असू शकते. शिसव जड आणि टणक, पण तिच्यावर वरंब्याची कड सुरेख उभी राहते. सरळ रेघेचा तुकडा मिळाला तरच घ्या. कडुनिंब आणि आंबा यांची रेघ थराथराने उलटसुलट वळते, त्यामुळे वर सांगितलेला दिशेचा नियम पाळूनही ते अधूनमधून दगा देतात. बाभूळ औताला आणि गाडीच्या चाकाला जन्मलेली आहे, तिला पीळ घालायला जाऊ नये. रेघ तपासायची असेल तर त्याच फळीचा एक तुकडा टोकाकडून कुऱ्हाडीने उभा फोडून पाहा. फूट सरळ गेली तर लाकूड तुमचे, वळत गेली तर ते पोळपाटासाठी ठेवा.

ओल हा दुसरा मुद्दा, आणि मराठवाड्यात तो टाळता येत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि दोन महिन्यांत पाऊस सुरू झाला की तेच लाकूड दमट हवेत उभे असते. अर्धवट वाळलेल्या लाकडाला पीळ कोरला की आतला, अजून ओला असलेला भाग एकदम उघडा पडतो आणि सरीच्या तळाशी केसासारख्या भेगा पडतात. एका वखारीतून ‘दोन वर्षे वाळलेला’ म्हणून घेतलेल्या सागाचे सहा खांब मी ऐन उन्हाळ्यात कोरले. आठवड्यात तिघांना भेगा गेल्या. आता मी खांब अंतिम मापापेक्षा दोन सूत जाड कातून, टोकांना मेण लावून, सावलीत महिनाभर ठेवतो आणि मगच मापाला आणून पीळ आखतो. लाकडाचा मधला गाभा ज्या तुकड्यात आला असेल तो तुकडा खांबासाठी घेतच नाही. तो आज ना उद्या फुटतोच.

राउटर की सीएनसी, या प्रश्नाचे उत्तर संख्येवर अवलंबून आहे. चार खांबांसाठी राउटरची लेथवर बसणारी घोडी (राउटर धरून चालवायचा सांगाडा) बनवत बसलात तर तेवढ्या दिवसांत खांबच होऊन जातील, आणि राउटरही एका भिंतीवर रेघेविरुद्धच जातो, फक्त वेगामुळे खपल्या लहान निघतात. जिन्याच्या कठड्याला चाळीस दांडे हवे असतील तर मी स्वतः ते फिरत्या धुरीच्या सीएनसीवर देतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण ते दांडे परत आले की त्यांच्या सरीत हत्याराच्या बारीक पायऱ्या असतात, आणि त्या पट्टीने घासायच्या म्हटल्या तर प्रत्येक दांड्याला अर्धा-पाऊण तास जातोच. त्याची मजुरी गिऱ्हाइकाला आधी सांगत चला. शिवाय वरंब्याचा माथा आणि सरीचा विरत जाणारा शेवट सीएनसीच्या कामात बहुतेक वेळा एकसुरी येतो. तो गिऱ्हाइकाला दिसत नसेल, तर वाद घालू नका.

पॉलिशबद्दल थोडेसे. सावंतवाडीच्या खेळण्यांना लेथ फिरवत लाखेची कांडी टेकवून जो झळाळता रंग देतात, तो पिळावर चढत नाही, कारण कांडी फक्त वरंब्याच्या माथ्याला लागते आणि सरी कोरी राहते. पिळाला चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची शेलॅक लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून मऊ ब्रशने द्या. हात पातळ ठेवा, कारण सरीत ओघळ साचून वाळला की तो गडद पट्ट्यासारखा दिसतो. पहिला हात वाळल्यावर तंतू उभे राहतात, ते जुन्या २४० च्या पट्टीने हलकेच मोडा आणि मग दोन हात आणखी. देव्हाऱ्यावर रोज तेलाचा आणि उदबत्तीचा धूर बसणार आहे, म्हणून मी वरून मेण लावत नाही. ते सरीत धूळ धरते. जवसाचे तेल वापरायचे असेल तर ते चपड्याऐवजी वापरा, चपड्यावर नको.

थोडक्यात तुमच्या पुढच्या खांबाचा क्रम असा: वाळलेला, सरळ रेघेचा तुकडा, तेरा कड्या आणि चार उभ्या रेघा, नंबरांसह, लाल वरंबे, काळ्या सऱ्या, दोन सुतांची करवत, वरच्या भिंती एका दिशेने, खालच्या दुसऱ्या दिशेने, आणि मग कानस व पट्टी.

पहिला बिघडलेला खांब जळणात टाकू नका. तुमच्या सऱ्या साधारण दोन सूत खोल दिसतात, म्हणजे तो खांब लेथवर चढवून एक इंचापर्यंत उतरवला की तो परत साफ गोल होईल. त्यावर चार-चार सुतांच्या कड्या मारा, दोन इंचांत एक वेढा धरा आणि देव्हाऱ्याच्या खऱ्या खांबाला हात लावण्याआधी एक उजवा आणि त्याच्याच उरलेल्या लांबीत एक डावा, असे दोन-दोन वेढे त्यावर कोरून पाहा.